परत आलेले दाणे

मालनबाईच्या बोटांना उसंत ठाऊक नव्हती. चार बायकांत बोलत उभी राहिली तरी अंगठा आणि तर्जनी आपली चालूच. आष्टीच्या मार्तंडराव व्यापाऱ्याच्या गोदामात भुईमुगाच्या शेंगा फोडणाऱ्या बायकांची ती मुकादमीण. जीभ मिरचीसारखी, पण एखादीच्या घरी दुखणं असलं की तिच्या वाटच्या शेंगाही हीच फोडून टाकायची.

तिचा दाणा अखंड निघे. त्यामागची युक्ती तिचीच. संध्याकाळी शेंगांच्या ढिगावर पाणी शिंपडायचं, वर गोणपाट झाकायचं. सकाळी टरफल मऊ पडलेलं, नुसतं दाबलं की उघडतं. बोटं सोलवटत नाहीत, दाणा फुटत नाही. साऱ्या बायकांना तिनंच हे शिकवलं. मजुरी अखंड दाण्यावर मिळायची, कारण तो मुंबईहून बोटीनं विलायतेला जाई. फुटका तेलाला.

"मालनबाई, तुमच्या हातचा दाणा गोरे सायब खातेत," मार्तंडराव म्हणत. ती नाक मुरडायची, पण आतून फुलून यायची. का येऊ नये?

शहात्तर साली, ऐन हंगामात, गोदामाला कुलूप लागलं. बोट पोचली होती, पण तिकडच्या लोकांनी माल घेतला नव्हता.

"दाण्यात विष सापडलं म्हणे," मार्तंडराव म्हणाले.

"विष? आमी काय औषध कालवलं का त्यात?"

त्या दिवसापासून मालनबाईच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी एकदा जाऊन कुलूप बघायचं, दुपारी पुन्हा. झाडलेलं अंगण परत झाडायचं. कधी तिला पोत्यांचा संशय येई, कधी समुद्राच्या खाऱ्या हवेचा, कधी शेतकऱ्यांचा. रस्त्यात भेटेल ती बाई विचारायची, "कवा उघडंल, मालनबाई?" घरी मुलगा भिवा म्हणायचा, "आई, जरा बस की." ती खेकसायची, "बसू कशी? माझ्या शब्दावर इतक्या चुली हायेत!"

मग मुंबईहून माल तपासणारे एक साहेब आले. गोदाम उघडलं, बायकांना बोलावलं. साहेबांनी दाणे चिमटीत धरून दुभंगले. काहींच्या दोन पाकळ्यांमध्ये हिरवट बुरशी बसलेली.

"शेंगा ओल्या करता का?"

सगळ्या बायका जमिनीकडे बघू लागल्या. मार्तंडराव आढ्याकडे. त्यांना सगळं पक्कं ठाऊक होतं, लबाड माणूस! मालनबाई गप्प राहिली असती तर कुणी अवाक्षर काढलं नसतं.

"करतो," ती म्हणाली. "मीच शिकवलं."

साहेब चिडले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं: ओलीनं बुरशी धरते, बुरशीचं विष दाण्यात उतरतं. ते भाजून जात नाही. दाणा वरून चांगला दिसला तरी आत असू शकतं. खाणाऱ्याचं यकृत हळूहळू खराब करतं. जिच्या जोरावर मालनबाईनं नाव कमावलं, ती युक्तीच अशी निघाली.

काम पुन्हा सुरू झालं, पण कोरडं. नखं चिरू लागली, निम्मा दाणा फुटू लागला, मजुरी खाली आली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मालनबाईची शेजारीण कौसल्या शेंगा फोडता फोडता तिला ऐकवून म्हणाली. "पण हिला कोन सांगंल?"

साहेबांपुढं बोलल्याचा पस्तावा मालनबाईला नव्हता. तरी कौसल्येच्या बोटाला बांधलेली चिंधी तिला बघवत नव्हती.

थंडी सरता सरता नाकारलेली पोती परत आली. मार्तंडरावांनी ती सरळ आठवडी बाजारात निम्म्या भावानं काढली. "तिकडचे लोक लई नाजूक," ते हसून सांगत होते. सगळ्यात आधी झुंबड उडाली ती गोदामातल्याच बायकांची.

"घेऊ नका गं! सायब काय म्हनले, ऐकलं न्हाई का?" मालनबाई ढिगापुढं आडवी उभी राहिली.

"आमी काय सायब हाओत का? आमच्या पोटाला काय होत न्हाई," म्हणत कौसल्येनं तिला बाजूला सारलं. गोदामात जिचा शब्द खाली पडत नव्हता, तिचं बाजारात कुणी ऐकलं नाही.

ती तरातरा घरी आली. नात उंबऱ्यात बसून काहीतरी चावत होती. मालनबाईनं तिच्या तोंडात बोट घालून दाणा काढला, तशी पोरीनं भोकाड पसरलं. सून सत्यशीला चुलीपासून धावत आली. तव्यावर बाजारातून आणलेले तेच दाणे होते.

"आत्याबाई, काय करून राह्यले तुमी? इतका चांगला दाणा आपल्या घरात कवा आल्ता का?"

खरंच नव्हता आला. घरी आणायला मिळे तो जमिनीवरून झाडून गोळा केलेला फुटका दाणा.

"फेक तो," मालनबाई म्हणाली. "माझ्याच हातचा हाय, म्हनून सांगते."

सत्यशीला हलली नाही. मालनबाईनंच तवा उचलला आणि परसात नेऊन मातीत पालथा केला. तेवढ्यात कौसल्येच्या घरून दाणे भाजल्याचा खमंग वास आला. ती पदर खोचून तिकडे निघाली. चार पावलं गेली, तर पलीकडच्या घरातूनही तोच वास येत होता, आणि त्याच्या पलीकडच्याही.