दहा बॉलची ओव्हर

"चुकलं न बाप्पा! परत मोज बरं."

हिवरखेडच्या शाळेतल्या कॉम्प्युटर रूममध्ये हा आवाज सगळ्या मशीनमधून एकदम आला. आवाज माझ्या बायकोचा, सुनंदाचा; उत्तर चुकलं की वाजणारी ही सूचना तिनेच रेकॉर्ड करून दिली होती. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

मी अमरावतीच्या एका कंपनीत शाळांसाठी गणिताचं सॉफ्टवेअर करतो. हा धडा दशांशाचा. स्क्रीनवर पट्ट्या, प्रत्येकीचे दहा खाने. एक खाना म्हणजे एक दशांश, ०.१. तीन पट्ट्या पूर्ण भरल्या आणि चौथीचे पाच खाने भरले की ३.५. आणखी एक खाना भरला तर किती? अख्ख्या वर्गाने लिहिलं, ४.

बॉस मॅडमचा फोन आला. "पोरं चुकतच असतील तर हा धडा काढू. पुण्याचा रेडीमेड आहे. आवाजही प्रोफेशनल आहे."

"मॅडम, दोन दिवस द्या."

"उद्यापर्यंत."

रेकॉर्डिंगची कॉपी घरी होती. पण रिकाम्या घरात ती लावायची माझी हिंमत नव्हती. इथे निदान ती पोरांशी बोलत होती. ते बंद झालेलं मला सोसलं नसतं.

पहिल्या बाकावरच्या पल्लवीला विचारलं, "चार काहून लिवलं?"

"सर, तीन पॉइंट पाच झाले न. आता एक बॉल टाकला का ओव्हर खतम. चार!"

मी कपाळावर हात मारला. ओव्हर सहा बॉलची, म्हणून स्कोअरमध्ये ३.५ नंतर ४ येतात. पोरांनी टिंब पाहिलं होतं ते मॅचमध्येच. सुनंदाच्या हे लगेच ध्यानात आलं असतं. मॅच तीच पाहायची, मी कंटाळायचो.

संध्याकाळी लॉजवर बसून प्रोग्राम बदलला. आता सहावा खाना भरला की पट्टी हलून विचारायची, अजून किती रिकामे? डबा तसाच राहिला. जेवलात का, असं विचारणारं कोण होतं?

सकाळी वर्गात सांगितलं, "ही ओव्हर दहा बॉलची."

"दहा बॉलची ओव्हर रायते का कुठं, सर?"

"आमच्या कंपनीत राहते."

पोरं खिदळली आणि कामाला लागली. ३.६. बरोबर उत्तराला आम्ही नुसती घंटी ठेवली होती. रूमभर घंट्याच घंट्या.

मॅडम फोनवर म्हणाल्या, "वा! धडा फायनल."

पोरं घरी गेली. मी एका मशीनसमोर बसलो आणि ३.५ च्या पुढे ४ टाकले.

"चुकलं न बाप्पा! परत मोज बरं."

धडा नीट जमला की चुकल्यावरची सूचना कोणाला ऐकू येत नाही. ऐकायची तर मुद्दाम चुकावं लागतं.