बावीस गोल

न्यूझीलंडमधल्या पापाटोएटोतल्या समस्त मराठी मंडळींस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पन्नासच्या दशकात इटलीच्या मैदानांवर एकाच हंगामात बावीस गोल मारणारा एक फुटबॉलचा स्ट्रायकर दर महिन्याला आमच्या औषधांच्या दुकानात गुडघेदुखीच्या गोळ्या न्यायला येत असे. निदान तो तसं म्हणत असे.

आत शिरला की तो आधी उजवा गुडघा थोपटायचा. "डॉक्टर, ह्या गुडघ्याने बावीस गोल मारलेत!"

"गुडघ्याने?"

"पायाने हो. पण पाय गुडघ्यालाच लटकलाय ना!"

मी डॉक्टर नव्हे, फार्मासिस्ट. आमच्यात गोळ्या दोनदा मोजल्याशिवाय बाटली हातावेगळी करत नाहीत. ती सवय मला माणसांच्या बाबतीतही लागलेली. आता तुम्हीच सांगा, बोगदे खणायच्या कामावर न्यूझीलंडला आलेला, भर थंडीत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत फिरणारा हा इटालियन म्हातारा. ना पदक, ना फोटो. कॉम्प्युटरवर शोधलं, तिथेही नाव नाही. संशय येणार नाही? मी उलटतपासणी सुरू केली.

"तुम्ही सांगता तो तिसरा गोल. ऑफसाइड नव्हता कशावरून?"

तो गोळ्या घेऊन निघून गेला. पुढच्या महिन्यात आला तो काउंटरवर दोन्ही हात टेकून. "महिनाभर विचार केला, डॉक्टर. अर्धं पाऊल पुढे होतो. काढून टाका."

एकवीस!

मग मला चेवच चढला. एकदा चेंडू समोरच्याच खेळाडूच्या पायाला लागून आत गेला होता. गेला तो गोल. एकदा गोलकीपरच्या डोळ्यांवर ऊन होतं, तोही गेला. एका सामन्यातले चार तर एकदम गेले, कारण पलीकडचा गोलकीपर मुळात गावचा पाववाला होता. थापाड्याचा आकडा वाढत जातो, ह्याचा घटत होता. मला त्याचाही संशय आला.

"ह्यात काहीतरी डाव आहे," मी सुधाला म्हणालो. सुधा म्हणजे आमची ही, गल्ल्यावर बसायची.

"अहो, कशाला छळता त्याला?"

"छळत नाही. मोजतोय."

तीन वर्षांत एकच गोल उरला. चिखलात, पडता पडता डोक्याने मारलेला. "हा नाही देणार," तो म्हणाला. "हा तरी खरा मानता ना?"

मी हसलो. "बघू. पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात त्याची मुलगी आली. इकडे माणूस गेला की उरलेली औषधं दुकानात परत आणून देतात. पिशवीत बाटल्यांखाली एक पिवळं पडलेलं कात्रण होतं. फोटोत तोच, चिखलाने माखलेला, केस मात्र भरपूर. मुलीने ओळीवर बोट ठेवून इटालियन मजकुराचा अर्थ सांगितला. एक हंगाम, बावीस गोल.

"हे होतं, तर दाखवलं का नाही कधी?" मी विचारलं.

"मी किती वेळा म्हटलं, घेऊन जा. तर म्हणायचे, कागद बघून कोणीही हो म्हणेल. तो माणूस एक दिवस नुसत्या माझ्या शब्दावर हो म्हणणार आहे."

मी सवयीने परत आलेल्या गोळ्या मोजायला घेतल्या. दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. गल्ल्यावरून सुधा सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाली, "अहो, बावीसच्या बावीस तुम्ही अडवलेत!"