मऊ बटणांचा लॅपटॉप

आमच्या ह्यांना काय झालंय ते कळायलाच वर्ष गेलं. आधी चहाचा कप हातातनं सुटायला लागला, मग जीभ जड झाली, मग त्यांचं बोलणं फक्त मला समजायचं, आणि एक दिवस मलाही समजेना. डॉक्टर म्हणाले, अंगातलं बळ असंच जात राहणार, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत. मला वाटलं, हे उलटं असतं तर बरं झालं असतं.

माझा नवरा कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचा. मराठी टायपिंग. पक्षकार सांगतोय तोवर ह्यांचा अर्ज तयार, आणि तोंडानं शेजारच्याची टिंगल चालूच. असला बडबड्या माणूस खाटेवर गप्प पडून होता. डोळे मिटले की हो, उघडे ठेवले की नाही. बास. पेन धरता येत नव्हतं, पण उजव्या हाताची दोन बोटं अजून हलायची. टाइपरायटर त्या बोटांना दबेना. कुणीतरी म्हणालं, लॅपटॉपची बटणं मऊ असतात. झालं, डेअरीच्या ऑफिसातनं सुटले की मी शाहूपुरीतली दुकानं पालथी घालायला लागले.

दोन हजार सालानंतरचे दिवस. लॅपटॉप म्हणजे साहेब लोकांची चैन. दुकानदार स्पीड सांगायचे, मेमरी सांगायचे. मी करंगळीच्या टोकानं नुसतं बटण दाबून बघायची. एकजण सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा ओरडला, "ओ वहिनी, आंबं हायती व्हय दाबून बघाय?" सगळे हसले. मी म्हटलं, "माझ्या मालकाच्या बोटात जीव न्हाय, म्हणून दाबून बघतोय. तुझ्या हातात हाय न्हवं? मग गप दुसरा काढ." गप काढला. पण त्याचीही बटणं टणक.

एक मऊ मिळाला तर दगडासारखा जड. दुकानदारानं तासभर घरी न्यायला दिला होता. पोटावर ठेवला तसा ह्यांना श्वास घेता येईना. दुसरा हलका होता, पण बटणं एवढी बारकी की एका बोटाखाली दोन अक्षरं. तिसरीकडं सगळं जमत होतं, तर मराठी नाही. "इंग्रजीत लिवायचं, मराठी उमटतंय की," तो पोरगेला दुकानदार म्हणाला. अरे बाबा, ह्यांच्या बोटांना टाइपरायटरवरच्या जागा पाठ. आता त्यांना नव्यानं कुठं शिकवत बसू? असं करता करता पावसाळा संपला, आणि दोनातलं एक बोट हलायचं थांबलं. त्या दिवशी मी शाहूपुरीतल्या एका दुकानाच्या पायरीवर बसून भर रस्त्यात रडले. कुणी विचारलंही नाही.

मला काय ऐकायचं होतं ते लपवण्यात काय अर्थ आहे? बावीस वर्षांचा संसार. ह्यांनी जगाची चेष्टा केली, माझीही केली, पण गोड शब्द म्हणून कधी एक नाही. मरायच्या आत त्यांनी माझ्यासाठी एक वाक्य लिहावं, एवढंच मला पाहिजे होतं. खोटं का असेना.

शेवटी एका शनिवारी मिळाला. हलका, बटणं मऊ, आणि दुकानदारानं टाइपरायटरच्या जागांप्रमाणे मराठी बसवून दिलं. घरी आले तर ह्यांचा डोळा लागलेला. रविवारी माझी दुपारपर्यंत ड्यूटी होती. सकाळी कानात सांगितलं, "आल्यावर उघडू." त्यांनी डोळे मिटले.

आल्यावर बघते तर लॅपटॉप जाग्यावर नाही, आणि आत्तीही नाहीत. सासूला मी आत्ती म्हणते; मी कामावर असले की ह्यांच्याजवळ त्याच असायच्या, त्या दिवशी शेजारणीला बसवून गेल्या होत्या. संध्याकाळी त्या जोतिबाहून परत आल्या, डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी, खांद्याला पिशवी. "आगं, नवी गाडी देवाला दावून आणतोय न्हवं? मग ह्ये काय येगळं हाय? झाकान उघडून ठेवलं, देवाला दिसाय नको? पुजाऱ्यानं वंजळभर गुलाल वाह्यला बघ. लेकाला इचारून न्हेलतं, डोळं मिटलं त्यानं."

आणि वर, गुलाल सांडू नये म्हणून बसस्टँडवरच्या नळावर पदर ओला करून बाईनं तो नीट घासून पुसला होता. बटणांच्या फटीत गुलाबी चिखल. एक बटण खाली जाईना.

काय काय बोलले मी! "तुमच्या देवानं तुमच्या लेकाची जीभ नेली, आता हातही न्या!" असंसुद्धा बोलले. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. ह्यांचे डोळे टक्क उघडे होते. मी तिकडं बघितलंच नाही.

बटणं बदलायची तर सामान पुण्याहून यायचं होतं. ते यायला दिवाळी उलटली. तोवर दुसरं बोटही गेलं होतं.

तरी मी लॅपटॉप त्यांच्या पोटावर ठेवला. त्यांचं बोट माझ्या हातात धरलं आणि एकेका बटणावरनं फिरवायला लागले. पाहिजे त्या अक्षरावर ते डोळे मिटायचे, मी त्यांच्या बोटावर माझं बोट दाबायची. एकेका अक्षराला घामाघूम व्हायचे. पहिलं अक्षर आलं 'आ'. माझ्या नावात 'आ' नाही. मग 'ई' आलं. सगळी दुपार घालवून वाक्य झालं: आईला बोल लावू नको.

"अजून काही लिहायचंय?" मी विचारलं. डोळे उघडेच राहिले. "दमलाय?" त्यांनी डोळे मिटले.

उद्या परत बसू म्हणून मी यंत्र बाजूला ठेवलं. रात्रीत ताप चढला, सकाळी दवाखान्यात नेलं, आणि तिथनं ते आले नाहीत.

आत्तींना वाचता येत नाही, मीच त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं. त्यानंतर त्यांना कधी बोल लावला नाही. लावायचा असतो, जिभेवर येतो, पण गिळते. आता त्या थकल्यात. कुणी पाहुणं आलं की अजून सांगत बसतात, "जाताना माझ्या लेकानं माझंच नाव घेतलं की." मग माझ्याकडं बघतात. मी म्हणते, "व्हय, आत्ती. तुमचंच."