तुम्ही कोणाकडच्या?

नवरा गेला त्या वर्षीही मी धाराशिवच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते. माणूस आधी असतो, आपण कोण हे तो नंतर आपल्या निवडीतून ठरवतो, असं वर्गात सांगायचे आणि मनात म्हणायचे, ठरवून काय होतं? कोथिंबीर आणायला गेलेला धडधाकट माणूस वाटेतच कोसळतो, परतच येत नाही. त्यानं काय निवडलं होतं?

तुळजापूरच्या घरात मी आणि सासरे, दोघंच. अण्णा शाळेत मास्तर होते. मुलगा जायच्या आधीपासूनच त्यांना विसरायला होत होतं, नंतर ते फारच वाढलं. ताट वाढलं की विचारायचे, "तुम्ही कोणाकडच्या, बाई?"

"अण्णा, मी तुमची सून."

"मग आमचा मुलगा कुठं आहे?"

पहिल्यांदा मी खरं सांगितलं. ते लहान मुलासारखे रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. मग मी "सोलापूरला गेलेत" म्हणू लागले. पुढं त्या खोट्याचाही वीट आला. कशालाच काही अर्थ नाही, हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. ते रोज ताटासमोर बसून माझ्याकडं बघायचं.

एक दिवस माझा भाऊ येडशीहून आला. म्हणाला, "ताई, दाजी न्हाईत, अण्णा तुला वळखत न्हाईत. तुझी नणंद त्यांना न्यायला तयार हाय. तुला इथं कुणी धरून ठेवलंय व्हय?"

"कुणीच न्हाय," मी म्हणाले आणि स्वतःच दचकले. नातं ज्याच्यामुळं होतं तो नव्हता, आणि ज्यांच्याशी होतं त्यांच्या लेखी मी नव्हते. इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले ते स्वातंत्र्य हेच होतं तर. किती ओकंबोकं!

भाऊ गेल्यावर मी बॅग काढली. साड्या घड्या घालून भरल्यासुद्धा. दुपारी अण्णांना दुधात भाकरी कुस्करून दिली.

"तुम्ही कोणाकडच्या?"

"कोणाकडची न्हाय. मी इथं राहते."

"कशाला?"

"मला राहायचंय म्हणून."

बोलून गेले आणि कळलं, हे खोटं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मुलाचं विचारलं नाही. सतरंजीवर जरा सरकून जागा केली. "मग उभ्या का? जेवून घ्या की."

मी जेवले. लई दिवसांनी चव लागली. संध्याकाळी नणंदेला फोन केला, "अण्णा माझ्याकडंच राहतील. पण तू अधूनमधून येत जा, मलाही सुट्टी लागंल." ती रडत हो म्हणाली.

नवऱ्याच्या जाण्यात मला अर्थ सापडला नाही. तिथं अर्थ असेल असं आता वाटतही नाही. काही दिवस अजूनही कोरडेच जातात. तरी अण्णांना रोज उत्तर द्यायचं असतं, आणि ते मी ठरवते.

काल म्हणाले, "मास्तरीण दिसता."

"व्हय."

"पोरं ऐकतात का?"

"काही काही."

"आमचीही तशीच होती," म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो.