आबांची खाट आणि माझी लिची

आई गेल्यावर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी भडगावहून जळगावला घेऊन आलो. ते आले, पण खताच्या गोणीची शिवलेली त्यांची कपड्यांची पिशवी खाटेखाली तशीच भरलेली राहिली. जेवताना रोज तेच वाक्य, दोन-चार दिवसांत गावी जाईन. तिकडच्या रिकाम्या घरात ते एकटेच भाकरी थापत बसलेले मला दिसायचे आणि माझा घास उतरायचा नाही.

मग मला अक्कल सुचली. जन्मभर शेती केलेला माणूस फळावर येणारं झाड सोडून जात नाही. मागच्या अंगणात फळझाड लावलं की आबा आपोआप अडकतील. बेत उत्तम होता, फक्त तो अमलात आणणारा मी होतो.

जळगावात राहून घरी केळ लावायची म्हणजे पाहुण्यांपुढे नाक कापून घेणं. लिंबू, सीताफळ काय, कुणीही लावतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मी पंडित झालो आणि ऐन फेब्रुवारीत लिचीचं रोप घेऊन आलो. व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या होत्या, भरपूर ऊन हवं. त्या कुठल्या गावच्या उन्हाबद्दल बोलत होत्या, हे मी बघितलं नाही. शेजाऱ्यांच्या पांढऱ्या भिंतीशी, जिथे दुपारभर ऊन कोसळतं, तिथे मी खड्डा खणला.

सकाळी आबांची खाट त्याच भिंतीच्या सावलीत असायची. दुपार झाली की ते ती ओढत ओढत घराच्या सावलीला आणायचे. खाटेचे पाय फरशीवर रोज करकरायचे. ते ऐकून मी फक्त वैतागायचो. माणूस जिथून पळ काढतो तिथे आपण झाड बांधून ठेवलंय, हे काही डोक्यात आलं नाही.

एप्रिलमध्ये लिचीची पानं कडेने करपली. मी तिच्यावर चादर बांधली. मे लागला तसा मी मागच्या खोलीतला कूलर उचलून खिडकीत उलटा ठेवला, तोंड बाहेर, झाडाकडे. बायको म्हणाली, त्यापेक्षा लिचीला आत झोपवू या आणि आपण अंगणात उभे राहू. आबा पंच्याने मान पुसत कूलरकडे बघत राहिले.

"कूलर झाडले नि घाम बापले," ते म्हणाले.

लिची गेली. नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ भाजून काढणाऱ्या दिवसांत, तिची काडी झाली. जाण्याचं बोलायला आबांना आता निमित्तच मिळालं असतं. पण पाऊस पडल्यावर मी हळूच विचारलं, आता काय लावू? लिंबाचं सुचवलं, तर त्यांनी मान हलवली. लिंबाला वर्षं लागतात, तोवर मी कुठे आहे, असं काहीसं पुटपुटले.

"पपई लाव. तिन्हं फय खाईसन जासू."

फळ खाऊन जाणार, आणि पपई म्हणजे वर्षभराचीच मुदत. मला ते फार लागलं. तरी लावली, या वेळी त्यांनी दाखवलेल्या जागी. हरामखोर पपई अशी फोफावली की बोलायची सोय नाही. पुढच्या उन्हाळ्यात फळं पिवळी दिसू लागली आणि मी निर्लज्जपणे सांगू लागलो, अजून कच्चीच आहेत. शेवटी एक दिवस आबांनीच एक उतरवली, कापली, सगळ्यांना फोडी दिल्या. ती गोड होती, याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर खाटेखालची पिशवी नव्हती. आत धावलो, तर कपाटात माझ्या शर्टांशेजारी आबांची धोतरं घडी घालून ठेवलेली.

आबा मागे अंगणात होते. पिशवी तोंडापर्यंत मातीने भरलेली, आणि आदल्या दिवशीच्या आमरसातली एक कोय ते तिच्यात खोचत होते. चांगला पाऊस झाला की खाली जमिनीत लावू, म्हणाले. माझ्यातला पंडित अजून मेला नव्हता. मी म्हणालो, आबा, कोयीच्या झाडाला आंबे यायला कितीतरी वर्षं जातील, मी कलम आणतो, लवकर फळ धरेल.

"घाई कसानी शे?"

मी तिथेच उभा राहून रडू लागलो. आबांनी वर बघितलं आणि मला जरा बाजूला व्हायला सांगितलं. मी नेमका पिशवीच्या उन्हात उभा होतो.