भारीट आणि फटाक्यांची माळ

अन्याय झाला तो भारीटांच्या थव्यावर. यंदा, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहणीला आलेले कचेरीतले साहेब होडीतून उतरत असताना.

राहुरीच्या वरच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्यात आमचं बेट आहे. तिथं पर्यटकांसाठी तंबू ठोकायचं घाटतंय. आम्ही हरकत घेतली, की इथल्या गवतात हिवाळ्यात भारीट उतरतात. चिमणीएवढे, पिवळ्या पोटाचे, परमुलखातून आलेले. पण पाहुणे लहरी. एका वर्षी येतात, पुढं दोन वर्षं तोंड दाखवत नाहीत. कचेरीतून उत्तर आलं, दाखवा मग.

यंदा ते आले, आणि पाहणी ठरली.

उजाडायच्या आत मी बेटावर. मासेमारी करणाऱ्या काकांनी होडीतून सोडलं होतं, आणि तेही थांबले होते. थवा गवतात बी टिपत होता. मला मात्र एका जागी बसवेना.

"बस की गं पोरी खाली. तुझ्या येरझाऱ्यांनीच उडत्याल ती."

"काका, साहेब आलेच नाहीत तर?"

"येतोय की. हार घालून घ्यायला कुनी चुकतं व्हय?"

साहेब आले. पण त्यांच्या पुढं सरपंचांची होडी आली. आमच्याकडे मोठ्या पाहुण्याचं पाऊल फटाक्यांशिवाय जमिनीला लागत नाही. माळ अंथरलेली दिसली तशी मी दोन्ही हात हलवत धावले, "नको! नको!" सरपंचांनी हसून हात हलवला. त्यांना वाटलं, मी स्वागतच करतेय.

माळ कडाडली. अख्खा थवा उठला आणि पाण्यापलीकडे गेला. साहेबांची मान तेव्हा हारासाठी वाकलेली होती.

"कुठंयत पक्षी, मॅडम?"

"आत्ता उडाले. तुमच्या फटाक्यांनी."

"ताई, पाखरांनाबी पत्रिका द्यायची हुती ना!" सरपंच म्हणाले. सगळे खिदळले. काका तेवढे पाण्यापलीकडे बघत राहिले.

अहवालात आलं, 'पाहणीच्या वेळी पक्षी आढळले नाहीत.' वाक्य खोटं म्हणता येत नाही, संताप त्याचाच आहे.

त्यानंतर मी रोज जात राहिले. आठवड्याच्या आत थवा त्याच गवतात परत आला. साहेब नाही आले.

तंबूंचा ठराव येत्या ग्रामसभेत आहे. घरी बसून हळहळू नका. या, उभे राहा, फेरपाहणी मागा. आणि त्या दिवशी बेटावर कुणी माळ पेटवायला वाकला, तर तिथंच त्याचा हात धरा.