नुसतं विचारायची नोकरी

महिपती इंजिनिअर झाला तेव्हा कुर्डुवाडीतल्या सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, की बाप रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर, आता पोरगा तिथंच साहेब होणार. रेल्वेचं बोलावणंही आलं. आणि हा गडी ते सोडून मुंबईच्या एका कंपनीत लागला. काम काय, तर दुसऱ्यांच्या कारखान्यांना सल्ला द्यायचा!

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, आणि तो माझा शाळेपासूनचा सोबती. त्यामुळे मला राहवेना. "मशिन बनवणार नाहीस, दुरुस्तही करणार नाहीस, मग करणार काय?"

"विचारणार," तो म्हणाला.

त्याचे वडील आबासाहेब भडकले. "सल्ला पारावर फुकट मिळतो की," म्हणाले आणि पोराशी बोलणंच टाकलं. माणूस आडमुठा, पण खोटा नव्हे. लेकाच्या कामात त्यांना काम दिसत नव्हतं, एवढंच. महिपतीच्या ते फार जिव्हारी लागलं. नोकरी टिकेल का, यापेक्षा आबांना ती कळेल का, याचाच त्याला घोर.

पंच्याहत्तर साली दिवाळीच्या तोंडावर त्याला सोलापूरलाच पाठवलं, महादेवप्पांच्या चादरींच्या कारखान्यात. शाळेला सुट्टी होती, मीही गेलो. ऐन गिऱ्हाइकीत निम्मे माग गप्प!

"मशिन बघा की, साहेब," महादेवप्पा म्हणाले.

महिपतीनं मशिनला हातही लावला नाही. एका विणकराशेजारी बसला. "माग का थांबला?"

"बीम संपला." बीम म्हणजे मागाचा रूळ, त्यावर ताण्याचं, म्हणजे उभं सूत गुंडाळलेलं असतं.

"शेजारचा?"

"त्याचाबी."

"सगळ्यांचे एकदमच कसे संपले?"

विणकर हसला. "सुरूच एकदम झाल्ते की, दसऱ्याला."

दसऱ्याला तिथं मागांची पूजा व्हायची. प्रत्येक मागावर नवा बीम, आणि सूत सगळ्यांवर अगदी सारखं. देवापुढं पंक्तिप्रपंच नको, हा महादेवप्पांच्या वडिलांपासूनचा रिवाज. मग बीम संपायचेही एकदम. नव्या बीमचे हजारो धागे जोडणारी माणसं दोनच, बाकीचे माग वाट बघत बसायचे. डोळ्यांसमोरची गोष्ट, पण आतल्या कुणाला दिसली नव्हती. मलाही दिसली नसती.

"मग काय, दसरा सोडायचा व्हय?" महादेवप्पा कडाडले.

"दसरा कशाला सोडता? पूजा सगळ्या मागांची, नारळ सगळ्यांना. फक्त सूत कमीजास्त गुंडाळा, म्हणजे बीम एकेक करून संपतील."

"आन् पंक्तिप्रपंच?"

"पंगतीत लहान पोराला कमी वाढतो. म्हणून ते पंगतीबाहेर जातं का?"

महादेवप्पा खो खो हसले.

पुढच्या दिवाळीला मी आबासाहेबांना गळ घालून तिथं नेलं. महिपतीही सोबत होता. आबा त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलत होते. "काय बघायचं हितं?"

पण फिटरचा कान तो. दारातच थबकले. "एकबी माग बंद न्हाय."

"गेल्या साली निम्मे बंद हुते," महादेवप्पा म्हणाले. "तुमच्या पोरानं इचारलं म्हून कळलं."

"हातानं काय केलं त्यानं?"

"काय न्हाय की. नुसतं इचारलं."

झालं, मी मनात म्हटलं. आता उरलंसुरलंही गेलं.

परतीच्या गाडीत आबासाहेब खिडकीबाहेर बघत होते. मोहोळ मागं पडलं. मग तोंड न वळवता म्हणाले, "उभी हयात वर्कशॉपात घातली. हे काम असंच का करतोस, म्हून मला कुणी कदी इचारलं न्हाय."

मग बोलणं टाकलेल्या लेकाला म्हणाले,

"तू इचार की."

महिपती त्यांच्याजवळ सरकला. "आबा, सकाळी गेल्यावर पयलं काय करता?"

आबासाहेब लेकाकडं वळून सांगू लागले. कुर्डुवाडी आली तरी दोघांना पत्ता नव्हता, मीच त्यांना ओढून खाली उतरवलं.